न रडणारी घंटा

घंटा ओतून घ्यायला येणारी माणसं उंची सांगतात, वजन विचारतात, वर उमटवायची अक्षरं पक्की करून येतात. थेल्मा ऑकेटने यातलं काही केलं नाही. हिवाळ्याच्या तोंडाला ती समुद्राकाठच्या हॅरिगन पॉइंटहून आपली जुनी गाडी हाकत कासलमेनला आली, फाउंडरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका उलट्या पेटीवर बसली, लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "माझं एकच मागणं आहे. घंटा रडकी नको. रडून झालंय माझं."

तिचा नवरा मर्व्ह शेवंडांचे पिंजरे टाकायला गेला तो परतला नव्हता. होडी सापडली, माणूस सापडला नाही. म्हणून त्याच्या नावाचा दगडही कुठे उभा राहिला नाही. त्यातच धक्क्यावरची जुनी घंटा तडकली, आणि गावाने ठरवलं, नवी घंटा मर्व्हच्या नावाची. शेवंडांचा हंगाम उघडतो त्या दिवशी, होड्या निघायच्या आधी, ती टांगायची. कशी हवी ते थेल्माने सांगायचं.

लिंडसे ट्रेलोर, फाउंडरीचा मालक, ओतारी आणि झाडूवालाही तोच, गालात हसला. "थेल्मा, घंटा म्हटली की थोडी रडणारच. तिची जातच तशी."

"मग दुसऱ्या जातीची ओत," थेल्मा म्हणाली आणि टोपी घालून उठली.

लिंडसेचं म्हणणं खोटं नव्हतं. घंटेवर टोला पडला की एकटा सूर बाहेर येत नाही, सुरांचं अख्खं बिऱ्हाड बाहेर पडतं. खाली घुमणारा एक म्हातारा सूर, त्याच्या वरचे, त्याच्याही वरचे, आणि त्यांच्यामध्ये एक उतरलेल्या चेहऱ्याचा. आपण त्याला कोमल गंधार म्हणू. शतकानुशतकं घंटा ज्या घाटाची होत आली, त्या घाटातच तो कोमल गंधार मुक्कामाला आहे. लग्नाची घंटा असली तरी तिच्या पोटात थोडी संध्याकाळ असते, ती त्याच्यामुळे.

त्याला शुद्ध करायचा तर घाटच बदलायला हवा, आणि घाट बदलणं लिंडसेच्या अंदाजपंचे हातांचं काम नव्हतं. त्याने मेलबर्नला डेस्पिना कोत्सिरासला फोन लावला. ती ट्रकच्या सांगाड्यांची आणि धान्याच्या कोठारांची गणितं करायची. पूर्वी एकदा तिने लिंडसेच्या कप्पीची वारंवार तुटणारी दांडी बरी करून दिली होती.

"घंटा?" डेस्पिना म्हणाली होती. "अरे, मी कोठारं करते. कोठार वाजलं की लोक मला कोर्टात नेतात."

"मग एक वाजणारं कोठार कर, प्रोफेसर. हसरं."

ती प्रोफेसर नव्हती. पण लिंडसेच्या तोंडी ते नाव बसलं ते बसलंच.

डेस्पिनाचं काम सांगायला सोपं आणि करायला चिवट. अख्खी वस्तू एकदम समजत नाही, म्हणून ती संगणकात तिचे बारीक बारीक तुकडे करायची. प्रत्येक तुकड्याला फक्त आपला शेजारी ठाऊक. शेजाऱ्याने ढकललं तर आपण किती दबायचं, ओढलं तर किती ताणायचं, एवढंच त्याचं ज्ञान. अशी हजारो अडाणी माणसं हातात हात घालून उभी केली, की ती सगळी मिळून सांगतात, पूल कुठे वाकेल, दांडी कुठे तुटेल, घंटा कुठल्या सुरात बोलेल. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. डेस्पिना तिला 'वस्ती' म्हणायची.

हिवाळाभर ती घंटेच्या वस्तीशी भांडत होती. गंधार वर चढवावा, तर खालचा घुमारा सरकायचा. घुमारा जागेवर आणावा, तर वरचा पंचम रुसायचा. आखूड घोंगडी डोक्यावर ओढली की पाय उघडे, तशी गत. कुठे भिंत जाड, कुठे पातळ, कुठे कंबर आत, कुठे बाहेर, असं करत करत वसंताच्या आरंभी एक घाट हाती लागला. कमरेशी फुगलेला, दिवस भरत आलेल्या बाईसारखा. त्यात गंधार शुद्ध होता. संगणकाने तो नुसत्या आकड्यांत सांगितला, पण डेस्पिनाने ते सूर पेटीच्या पट्ट्यांवर दाबून ऐकले आणि खुर्चीत मागे रेलून बराच वेळ छताकडे पाहत राहिली.

एक मात्र तिने केलं होतं, जे तिच्या धंद्यातलं प्रत्येक माणूस करतं. घंटा चारी अंगांनी सारखी. मग अख्खी कशाला मांडायची? संत्र्याची एक फोड मांडायची आणि गणिताला सांगायचं, बाकीचं संत्रं याच्यासारखंच. वेळ वाचतो, चूक होत नाही. म्हणजे, संत्रं खरोखरच तसं असेल तर होत नाही.

घाट ठरला, लिंडसेने मेणाची घंटा घडवली, आणि थेल्माकडून एक खोका आला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेणाची माळ होती. त्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर मण्यांचं शेवाळ उघडं पडतं, हिरवट-तपकिरी, जपमाळेसारखं. मर्व्ह घरी येताना त्याचा एखादा सर खिशात घालून आणायचा आणि चुलीपुढे बसून एकेक मणी बोटांनी फोडायचा, फट् फट्, आणि थेल्मा ओरडायची, "अरे, माझी जमीन!" तोच सर तिने मेणात वळला होता. खऱ्यापेक्षा मोठा, द्राक्षाएवढ्या, काही तर लिंबाएवढ्या मण्यांचा. प्रत्येक मण्यावर तिच्या बोटाचे ठसे होते.

लिंडसेने फोन केला. "प्रोफेसर, म्हातारीने नक्षी पाठवलीय. खांद्यापासून काठापर्यंत एक सर लोंबता. लावू?"

डेस्पिना तेव्हा दुसऱ्याच एका कोठारात बुडालेली होती. "लाव की. नक्षीच आहे ती. भिंत थोडीच आहे?"

बोलून ती विसरली. बोललेलं मात्र मेणात बसलं, मेणावर साचा चढला, मेण वितळून गेलं आणि त्याच्या जागी काशाचं झालं.

घंटा साच्यातून निघाली, घासली, आणि शेडच्या मधल्या तुळईला साखळीने टांगली, त्या सकाळी थेल्मा आली. डेस्पिनाही आली होती, आईने दिलेला तिळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन. अंगणातल्या निलगिरीवर मॅगपाय पक्ष्याची अंडी उबत होती आणि नर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालत होता. म्हणून लिंडसे गाडीपासून शेडपर्यंत सायकलचं हेल्मेट घालून यायचा, वर प्लास्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या केलेल्या.

"हे काय डोक्यावर?" थेल्माने विचारलं.

"मुकुट. पक्षी मला राजा मानत नाही, एवढंच."

घंटा सुरेख दिसत होती. तांबूस, पोटुशी, आणि एका अंगाला मण्यांचा तो सर, ओहोटीच्या खडकावरून नुकता उचलून ठेवल्यासारखा. थेल्माने बोट एकेका मण्यावरून खाली नेलं. ओठांतल्या ओठांत ती काही म्हणत होती. दोऱ्या वळताना धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या त्यातलं.

*भरतीच्या पाण्या, घर माझं चढणीला*
*शिंपले तुझे तुला, धनी माझा दे रे मला*

मग ती बाजूला झाली आणि लिंडसेने लाकडी हातोडीने काठावर टोला दिला.

पहिला क्षण अगदी तसाच होता जसा डेस्पिनाने हिवाळाभर ऐकला होता. उजळ, उघडा. गंधार आला आणि शुद्ध आला. आणि मग, वरचे सूर विरल्यावर, खाली जो घुमारा उरला तो हलायला लागला. ऊं... ऊं... ऊं... फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा. हुंदका दाबणाऱ्या माणसाचा श्वास जसा अडखळत येतो, तसा.

घंटा हुंदके देत देत गप्प झाली.

"म्हणजे," थेल्मा शांतपणे म्हणाली, "हिला पण कळलेलं दिसतंय."

डेस्पिनाच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. तिच्या डोळ्यांसमोर ती फोड उभी राहिली, संत्र्याची, स्वच्छ, गुळगुळीत. त्या फोडीवर मणी नव्हते. वस्तीत ते कधी राहायला आलेच नव्हते. तिनेच त्यांना दारात उभं ठेवलं होतं.

"मण्यांमुळे आहे," ती म्हणाली. "एका अंगाला भार झाला. चूक माझी आहे, थेल्मा. मी गणितात ते धरलेच नव्हते."

"नक्षीच ती, म्हणालीस," लिंडसे पुटपुटला.

"म्हणाले खरी."

लिंडसेने घसा खाकरला. "उपाय आहे तसा. ग्राइंडर घेतो, मणी उतरवतो, जागा घासून चकचकीत करतो. दुपारच्या आत सरळ बोलायला लागेल ती. हंगाम उघडायला वेळही फार नाही."

थेल्माने पुन्हा माळेवर हात ठेवला. सबंध पंजा, जसा घोड्याच्या मानेवर ठेवतात. बाहेर मॅगपाय ओरडत होता. मग तिने हात काढून घेतला.

"काढा," ती म्हणाली. "दोन्हींतलं एकच मिळत असेल तर मणी जाऊ देत. मी पहिल्याच दिवशी काय मागितलं होतं? रडकी नको. माळ मी नंतर मागितली, हावरटपणा झाला."

"थांबा," डेस्पिना म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "मला थोडे दिवस द्या. तोवर मण्यांना कोणी हात लावायचा नाही. लिंडसे, तू तर मुळीच नाहीस."

"मी राजा आहे इथला."

"पक्ष्याला विचार."

थेल्मा हसली. जाताना तिने तीन बिस्किटं रुमालात बांधून घेतली आणि एवढंच म्हणाली, "डेस्पिना, बघ. पण मन मोडून घेऊ नकोस. मला मोडायची सवय आहे."

ती गेली आणि लिंडसेने बाह्या सरसावल्या. "यात विशेष काय आहे? गाडीचं चाक एका अंगाला जड झालं तर आपण काय करतो? समोरच्या अंगाला वजन लावतो. आधी पुट्टी लावून बघू. जमलं तर तिथे आतून काशाचं बटण बसवून टाकू."

डेस्पिनालाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं. काचा बसवायची पुट्टी त्याने मळून मळून लाडवाएवढी केली आणि घंटेच्या आत, माळेच्या बरोबर समोरच्या अंगाला, काठाशी थापली. टोला दिला.

ऊं-ऊं-ऊं-ऊं. हुंदके आणखी जवळ जवळ आले.

"ही तर आता ढसाढसा रडतेय," लिंडसे म्हणाला. त्याने पुट्टी वाढवली. घंटा अधिकच घायकुतीला आली. त्याने पुट्टी काढून बादलीत आपटली. "बाईमाणसाची समजूत घालायला मी कधीच शिकलो नाही. बायको सांगायची."

चूक उलट्या दिशेने वाढते तेव्हा ती काहीतरी सांगत असते, हे डेस्पिनाला कोठारांनी शिकवलं होतं.

शेडच्या कोपऱ्यात लिंडसेचं ऑफिस होतं, म्हणजे एक टेबल, एक किटली आणि फुटबॉल क्लबचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तिथे तिने संगणक मांडला. या वेळी फोड नाही, अख्खं संत्रं. आधी तिने खऱ्या घंटेचे सगळ्या अंगांनी फोटो काढले, कॅलिपर घेऊन एकेक मणी मापला, आणि सगळे मणी ठसठशीत, वेडेवाकडे, थेल्माच्या बोटांनी केले तसेच वस्तीत आणून बसवले. तुकडे इतके झाले की संगणकाचा पंखा घरघरायला लागला. लिंडसे चहा ठेवून जायचा, पडद्याकडे बघायचा, आणि "अजून ढकलाढकलीच चाललीय का रे तुमची?" असं त्या तुकड्यांना विचारून परत भट्टीकडे जायचा.

उत्तर आलं ते एका कोवळ्या उन्हाच्या दुपारी. पडद्यावर घंटा थरथरत होती, खऱ्यापेक्षा कितीतरी पट मोठी करून दाखवलेली थरथर. डेस्पिना पाहत राहिली. घंटा घुमते तेव्हा ती फुलत-मिटत नसते, श्वास घेतल्यासारखी. ती अंड्यासारखी होते. आधी या दिशेने लांबट, मग आडव्या दिशेने लांबट. चार अंगं फुगतात-दबतात, आणि त्यांच्या मधोमध चार उभ्या रेघा जवळजवळ स्तब्ध राहतात.

आणि असं अंडं दोन तऱ्हांनी होता येत होतं. एका तऱ्हेत माळ फुगणाऱ्या अंगावर यायची. दुसरीत ती स्तब्ध रेघेवर यायची. नक्षी नसती तर दोन्ही जुळ्या बहिणी, एकाच सुरात बोलल्या असत्या, दोन आहेत हे कोणाला कळलंही नसतं. पण आता एकीच्या गळ्यात मणी होते. ती जरा जड पावलाने चालत होती, दुसरी हलक्या. दोघी एकत्र निघायच्या, पाऊल चुकायचं, पुन्हा जुळायचं, पुन्हा चुकायचं. तोच तो हुंदका.

"लिंडसे! बादली आण!"

तो काळी प्लास्टिकची बादली घेऊन धावत आला. "काय, उलटी होतेय?"

"दाब हिचा काठ. समोरासमोरून, दोन्ही हातांनी. काय झालं?"

"अंडं झालं."

"तुझा डावा हात म्हणजे माळ समज. उजवा हात, समोरचा. दोन्हीकडे एकाच वेळी काय होतंय?"

"दोन्हीकडे आत जातंय."

"म्हणजे माळ आणि तिच्यासमोरचं अंग एकाच पार्टीचे. हिच्या थरथरी दोन, जुळ्या बहिणी; तू समोर वजन लावलंस, ते मण्यांवालीच्याच गळ्यात पडलं. दुसरी मोकळीच राहिली. घंटा चाक नाहीये."

लिंडसेने बादली दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग काठावर एका जागी अंगठा ठेवला, माळ आणि आडवं अंग यांच्या बरोबर मध्ये. "इथे हलत नाहीये."

"मण्यांवाली असते तेव्हा तिथे हलत नाही. दुसरी असते तेव्हा तिथेच सगळ्यात जास्त हलतं."

तो उठला, पुट्टी घेतली आणि घंटेच्या आत त्या मधल्या जागी थापली. हातोडी मात्र त्याने डेस्पिनाच्या हातात दिली.

टोला. घुमारा निघाला. ऊं... थोडा झुकला. लांबला. पुन्हा अगदी मंद झुकला. हुंदके आता इतके दूर दूर गेले होते की दोन हुंदक्यांमध्ये माणूस एक वाक्य बोलू शकला असता. लिंडसेने चिमूटभर पुट्टी वाढवली, आणि घुमारा ओहोटीच्या पाण्यासारखा सरळ निघून गेला.

"अगं बाई," लिंडसे म्हणाला.

पण पुट्टी घेऊन घंटा समुद्रावर जात नसते. खारं वारं ती एका हंगामात चाटून टाकेल. काशाचं बटण वरून जोडावं तर तेही ढिलं होऊन खुळखुळेल. ओतलेल्या घंटेला नवं मांस चढत नाही.

"चढत नाही," लिंडसे हळूच म्हणाला, "पण उतरतं." त्याने घंटेच्या काठावर नख वाजवलं. "काठ आतून खरवडला की सूर खाली बसतो. माझा बापही असाच सूर उतरवायचा. भिंत पातळ झाली की लेचीपेची होते, तिचं बळ वजनाच्या आधी जातं. मोकळ्या बहिणीला जड करता येत नसेल, तर तिला थोडी अशक्त करू. दोघी एका चालीवर येतील."

डेस्पिनाने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे जिथे पुट्टी लावली तिथेच खरवडायचं?"

"तिथेच. पण किती, ते मला नाही सांगता येणार. बाप एकच सूर उतरवायचा. जुळ्यांतली एकच उतरवायची, दुसरीला धक्का न लावता, हे त्याने कधी केलं नव्हतं. एकदा खरवडलं की परत नाही. जास्त गेलं तर हीच बहीण मागे पडेल आणि पुन्हा रडं सुरू. ते तुझ्या वस्तीला विचार."

तिने विचारलं. पडद्यावर ती काठावरचे तुकडे थोडे थोडे पातळ करत गेली. एकाच जागी सगळं काढलं तर वरचे सूर बिघडत होते. मण्यांवालीच्या चारही स्तब्ध रेघांवर वाटून काढलं तर भार चौघांनी उचलल्यासारखा होत होता, आणि गंधार जागचा हलत नव्हता. किती काढायचं ते निघालं, ते नखाच्या जाडीइतकंही नव्हतं. तिने ते मुद्दाम आणखी कमी केलं.

"आधी निम्मंच," ती म्हणाली. "मग ऐकू. मग पुन्हा गणित."

"एवढी भित्री कधीपासून झालीस?"

"एकदा 'लाव की' म्हणाले तेव्हापासून."

घंटा गाद्यांवर उलटी ठेवली. लिंडसेने ग्राइंडर बाजूला सारला आणि बापाची जुनी कानस काढली. तो खरवडायचा, काशाची सोनेरी भुकटी त्याच्या मनगटावर बसायची, डेस्पिना कॅलिपर लावायची, मग दोघं मिळून घंटा टांगायची, टोला द्यायचा, ऐकायचं, उतरवायची. संगणकाने जे सांगितलं होतं आणि कानाला जे येत होतं त्यात बारीक फरक पडत होता, कारण ओतीव काशाला आपले स्वतःचे स्वभाव असतात. तो फरक ती पुन्हा वस्तीला सांगायची, वस्ती नवा आकडा द्यायची. मधेच लिंडसे खिमा भरलेले 'मीट पाय' आणायचा, सॉस सांडायचा आणि म्हणायचा, "घंटेवर नाही ना पडलं? पडलं असेल तर तेही गणितात धर."

एका टप्प्यावर त्याने कानस खाली ठेवली. "बास. आता माझा हात म्हणतोय बास."

"गणित म्हणतंय, अजून जरासं."

हुंदका अजून होता, पण अगदी शेवटी, सूर विझता विझता, एकदाच. ओळखीच्या माणसालाच कळावा एवढा. हे सोडून देता आलं असतं. हॅरिगन पॉइंटच्या वाऱ्यात तो कोणाला ऐकूही आला नसता.

"थेल्माला ऐकू येईल," डेस्पिना म्हणाली.

लिंडसेने उसासा टाकला, कानस उचलली आणि चारही जागी फक्त एकेक हात फिरवला, बाळाचं तोंड पुसावं तितका हलका.

थेल्मा आली तेव्हा अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली होती आणि मॅगपायचा राग दुप्पट झाला होता. ती गाडीपासून शेडपर्यंत डोक्यावर पिठाची चाळण धरून आली. तिची पहिली नजर माळेवर गेली. मणी होते तिथेच होते. तिने सर वरून खालपर्यंत बोटांनी मोजल्यासारखा चाचपला आणि मग तोच हात काठावरून आत नेला, जिथे कोणी हात नेत नाही.

"इथे खड्डा लागतोय. इथेही. हे काय केलंत?"

"तिथलं थोडं काढून घेतलं," डेस्पिना म्हणाली. "मण्यांना हात लावलेला नाही."

"भार एकीकडे आणि काढलं दुसरीकडचं?"

"ज्या अंगावर भार नव्हता, ते फार जोरात पळत होतं. त्याला थोडं सोबतीला आणलं."

थेल्माने मान हलवली, हे तिला कुठूनतरी ठाऊक असावं तशी. लिंडसेने हातोडी पुढे केली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि टोला दिला, ओतारी देतो तसा नव्हे, दार ठोठावतात तसा.

सूर उमलला. उजळ गंधार आधी, त्याच्या पाठोपाठ सगळं बिऱ्हाड, आणि मग एकेक जण आपापल्या घरी जात गेला. उरला तो खालचा घुमारा. डेस्पिना कान लावून होती. आता. आता झुकेल. तो झुकला नाही. एका रेघेत, न थरथरता, तो दूर दूर जात राहिला, सकाळच्या शांत पाण्यावर होडी जाते तसा, आणि नेमका कुठे दिसेनासा झाला ते तिघांनाही सांगता आलं नसतं.

थेल्माच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. लिंडसे गडबडला. खिशात रुमाल शोधायला गेला तर हाताला काशाने माखलेलं फडकं आलं, ते त्याने पुन्हा कोंबलं. "थेल्मा... अजून काही बिघडलंय का? ही बघेल, ती पुन्हा—"

"गप रे," थेल्मा म्हणाली. तिने बाहीने तोंड पुसलं. "काही बिघडलेलं नाही. रडायचं काम माझं. हिचं नव्हे."

तिने पुन्हा एकदा टोला दिला, आणि या वेळी सूर विरेपर्यंत पंजा मण्यांवर ठेवायला गेली. हात टेकताच घंटा एकदम मुकी झाली. ती दचकली.

"हात लावला की थांबते ती," डेस्पिना म्हणाली.

"बरं आहे की," थेल्मा म्हणाली. "मर्व्ह तर कधीच थांबायचा नाही."

मग तिने गाडीतून आणलेली जुनी गोधडी काढली. तिघांनी मिळून घंटा तिच्यात गुंडाळली, माळेची बाजू वर ठेवून, आणि लिंडसे डोक्यावर साळिंदराचा मुकुट चढवून अंगणातला रस्ता मोकळा करायला पुढे निघाला.